फाइल मीच दुरुस्त करणार

सोमवार, ३ मार्च

आज जेवणाच्या सुट्टीनंतर, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला असताना, माझं आयुष्य बदललं. तारीख नोंदवून ठेवतो. पुढे कुणी विचारलं तर असावी.

झालं असं. मी प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. ती (नाव लिहीत नाही, ही वही ताईच्या हाती लागते) बॅग खांद्याला लावून माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, अरे, एक काम करशील? माझ्या मशीनवर सगळं उघडंच आहे, तेवढं सेव्ह करून शेअर्ड ड्राइव्हवर टाक, नेहमीच्याच नावाने. आयटीवाला चारला येऊन मशीनवरचं सगळं पुसणार आहे, त्याच्या आत. मग दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून बरं.

तू आहेस म्हणून बरं! चष्मा नव्हे. मी. (चष्मा म्हणजे प्रकल्पातला तिचा सहकारी. रजेवर आहे, वडिलांचं ऑपरेशन. पण तो असता तरी तिने मलाच सांगितलं असतं.)

तिचं काम फार मोठं आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. वर्षभर घरोघर हिंडून रेकॉर्ड केल्या, मग हिवाळाभर एकेक उत्तर ऐकून त्याला एक ते सात असा आकडा दिला. एक म्हणजे माणसांत असलेला, सात म्हणजे अगदी एकटा. हे आकडे कुठे कागदावर नाहीत, सगळे त्या एका फाइलमध्ये. वीस तारखेला समितीपुढे मांडायचे आहेत. पसंत पडले तर प्रकल्प पुढे तीन वर्षं. नाहीतर बंद, आणि ती दुसरीकडे नोकरी शोधणार. दुसरीकडे म्हणजे मी नसेन तिथे. तेव्हा हा प्रश्न माझाही आहे.

ती आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह' ही साधी कमांड वापरते. जुनाट. मी परवाच एका व्हिडिओत नवी कमांड पाहिली होती, जास्त आधुनिक. त्या कमांडने सेव्ह केलं. नाव मात्र तिचंच ठेवलं, नावापुढची, टिंबानंतरची शेपटीसुद्धा तीच, म्हणजे तिला परकं वाटू नये. जुन्या फाइलच्या जागी नवी बरोब्बर जाऊन बसली. चारला आयटीवाल्याने मशीन पुसलं.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. राग आवरणे. महिन्याभरात संपूर्ण प्रोग्रॅमिंग.

मंगळवार, ४ मार्च

साडेआठला उठलो. काल विचारांमुळे झोप उशिरा लागली.

फाइल उघडत नाही!

तिने 'लोड' कमांड दिली आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली: मॅजिक नंबर चुकीचा आहे, फाइल खराब झालेली असू शकते, काहीही लोड केलेलं नाही. पुन्हा दिली. पुन्हा तेच. तिचा चेहरा एकदम उतरला. मला विचारलं, काल नीट सेव्ह केलं होतंस ना रे? मी म्हटलं, म्हणजे काय! नव्या कमांडचं बोललो नाही. आधीच बिचारी टेन्शनमध्ये, त्यात असल्या बारीक गोष्टी सांगून डोकं कशाला उठवायचं?

मी तिथल्या तिथे म्हटलं, मॅडम, तुम्ही तुमच्या स्लाइड्स करा, फाइल मी दुरुस्त करतो. ती म्हणाली, तुला येईल? मी नुसतं हसलो. असं हसणं जमावं लागतं.

तिने फाइलची कॉपी एका पेनड्राइव्हवर घालून दिली. म्हणाली, काय खटपट करायची ती या कॉपीवर कर, ड्राइव्हवरच्या फाइलला हात लावू नकोस. आणि आयटीवाल्याला विचार, त्याच्याकडे जुनी कॉपी असेल. पेनड्राइव्ह निळा आहे. शर्टच्या डाव्या खिशात ठेवला. मुद्दाम डाव्या.

बुधवार, ५ मार्च

आयटीवाल्याला भेटलो. त्याच्या गळ्यात कायम केबल असते म्हणून मी त्याला वायर म्हणतो. (तो मला काय म्हणतो ते कळलं आहे. इथे लिहिणार नाही.)

म्हणाला, रोजचा बॅकअप असतो, रविवारची फाइल आहे, काढून देऊ? वास्तविक मी हो म्हणणार होतो. पण पुढे म्हणतो कसा, सेव्ह कुणी केली होती, तू का? मग बरोबर आहे. आणि हसला.

माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, तुमची शिळी फाइल तुमच्याकडेच ठेवा. त्यावर म्हणाला, बघ हां, सात दिवसांनी बॅकअप आपोआप पुसला जातो, मग माझ्या नावाने बोंबलू नकोस. मी म्हटलं, सात दिवस लागतायत कुणाला!

शांतपणे विचार केला तर निर्णय योग्यच होता. रविवारच्या फाइलमध्ये सोमवार सकाळचं तिचं काम नसणार. म्हणजे अर्धवट. तिला अर्धवट काही द्यायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. कॉलेजसुद्धा मी तत्त्वावरच सोडलं.

तिने विचारलं, आयटीवाला काय म्हणाला? म्हटलं, बोलणं झालं. खोटं नाही. झालं होतंच.

गुरुवार, ६ मार्च

आजचा दिवस ऐतिहासिक. रोगाचं मूळ सापडलं.

फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. बघतो तर काय! नुसता कचरा. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं. आकडा म्हणून एक धड नाही. एवढी घाण आत शिरल्यावर फाइल उघडेल कशी?

सगळा दिवस साफसफाई केली. हाताने. चौकोन काढले, टोप्या काढल्या, ओळी सरळ केल्या. जिथे चुकून आकडा दिसला तो जपून ठेवला. पेनड्राइव्हवरच्या कॉपीवर नाही केलं. पेनड्राइव्ह खिशातून काढवेना. ड्राइव्हवरच्या मूळ फाइलवरच केलं. कॉपीला औषध देऊन मूळ रोगी बरा होतो का? सेव्ह केल्यावर फाइल निम्म्याने हलकी झाली. म्हणजे निम्मा कचराच होता!

अजून उघडत नाही, पण लाल अक्षरांच्या खालची एक ओळ बदलली आहे. प्रगती.

संध्याकाळी तिने विचारलं, कुठपर्यंत आलं? म्हटलं, साठ टक्के. ती म्हणाली, बाप रे, छान. 'बाप रे' लिहून ठेवतो.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी ताईने विचारलं, तू आरशासमोर एकटाच का हसतोस? म्हटलं, ऑफिसमध्ये एक अवघड केस हाताळतोय. ती म्हणाली, तुझ्या हाती केस? कुणाची वाट लागली आहे? मग बाबा पेपराआडून आईला म्हणाले (माझ्याशी ते कॉलेज सोडल्यापासून आईमार्फत बोलतात), त्याला म्हणावं, मामाने शब्द टाकून चिकटवलंय, तिथे तरी टिकून राहा. मी ताट बाजूला सारून उठलो. आईने ते पुन्हा समोर ओढलं. बसलो. भूक होती.

या घरात मोठी माणसं ओळखण्याची पद्धत नाही.

शनिवार, ८ मार्च

सुट्टी. तिच्यासाठी गाणी निवडली. फाइल दुरुस्त झाली की त्याच क्षणी तिच्या हातात निळा पेनड्राइव्ह ठेवायचा. ती म्हणेल, यात काय? मी म्हणेन, ऐका. बस. जास्त बोलायचं नाही.

गाणी पेनड्राइव्हवर मावेनात. आधीची ती फाइल आत होतीच, शिवाय तिचे कसले कसले जुने फोटो आणि फॉर्म. फोटो कॉम्प्युटरवर काढून ठेवले (दोन पुन्हा पाहिले). फाइल मात्र कशाला ठेवायची? खराबच होती ती. फॉरमॅट मारला. आता कसा स्वच्छ.

गाणी क्रमाने लावली. आधी नुसती हुरहुर, मग ओळख, मग विरह, मग पाऊस, मग लग्न.

सोमवार, १० मार्च

फाइलच्या नावाची शेपटी बदलून पाहिली. नाही. परत बदलली. नाही. मशीन बंद करून चालू केलं. नाही. मशीनवर हलकी थाप मारली. जोरात मारली. प्रकल्पाच्या प्रमुख सरांनी त्यांच्या खोलीच्या काचेतून पाहिलं.

मग इंटरनेटवर जाणकारांच्या एका गटात प्रश्न टाकला. मुद्देसूद. पहिलंच उत्तर आलं: फाइल कोणत्या कमांडने सेव्ह केली होती ते आधी सांगा. बघा! माणूस फाइल उघडत नाही म्हणून ओरडतोय आणि हा विचारतोय बंद कशी केली! मी लिहिलं, उत्तर येत नसेल तर गप्प बसा. त्याने लिहिलं, भाऊ, उत्तर त्यातच आहे. मी त्याला माझ्या भाषेत समजावलं. गटाने मला काढून टाकलं. असल्या गटात राहायची इच्छाही नव्हती.

तिला ऐंशी टक्के सांगितलं. तिने स्लाइड्स दाखवल्या. चित्रं, मथळे, सगळं तयार. आकड्यांच्या जागा मोकळ्या. म्हणाली, आता फक्त तू बाकी आहेस.

फक्त तू! हल्ली ती फार सूचक बोलते.

बुधवार, १२ मार्च

वायर आमच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, तुझ्याकडच्या फाइलची अवस्था मी ड्राइव्हवर पाहिली, आज शेवटचा चांगला बॅकअप पुसला जाईल, अजून सांग. मी फोन कानाला लावला आणि हो हो, बरोबर, पाठवून द्या, असं बोलत राहिलो. तो जरा वेळ थांबला. म्हणाला, फोन उलटा धरलायस. आणि गेला.

सुदैवाने ती तेव्हा सरांच्या खोलीत होती.

संकल्प: वायरशी या जन्मी बोलायचं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

तिने मला कॉफी आणून दिली. स्वतःहून. दोन कप घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवला आणि स्टूल ओढून जवळ बसली. डोळ्यांखाली काळं आलंय. म्हणाली, हे बघ, खरं सांग. होत नसेल तर होत नाही म्हण. मी अजिबात रागावणार नाही. आज कळलं तर निदान पुन्हा ऐकायला सुरुवात तरी करता येईल मला.

अजिबात रागावणार नाही! असं कुणी कुणालाही म्हणत नाही.

त्या क्षणी मला वाटलं की सांगावं. काय सांगावं ते नक्की ठरत नव्हतं, पण काहीतरी सांगावं असं घशापर्यंत आलं. तेवढ्यात तिने कप उचलला आणि तिच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. म्हटलं, सोमवारी फाइल तुमच्या हातात. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, शब्द.

ती उठली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजव्या. पेनड्राइव्ह डाव्या बाजूला होता, पण ठीक आहे.

रविवार, १६ मार्च

सुट्टी असून ऑफिसात जाऊन फाइलमधून उरलेला कचराही काढला. आता आत फारसं काही राहिलेलं नाही. उद्या उघडणार. मन सांगतंय. शर्ट इस्त्री केला.

सोमवार, १७ मार्च

चष्मा आला.

वडिलांचं कसं आहे, बरं आहे, वगैरे झालं. तिने त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या खुर्चीवर बसला (न विचारता) आणि पहिलाच प्रश्न: सेव्ह कोणत्या कमांडने केली होतीस? या माणसांना दुसरं काही सुचतच नाही. सांगितलं. अभिमानाने सांगितलं.

चष्म्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिला म्हणाला, अगं, फाइल खराब नव्हतीच. याने डब्याला दुसरंच कुलूप लावलं आणि वरती चिठ्ठी जुन्या कुलपाची चिकटवली. तू जुनी किल्ली फिरवत बसलीस, म्हणून उघडलं नाही. आत सगळं जागच्या जागी होतं. दुसरी कमांड दिली असतीस तर चार तारखेलाच उघडली असती.

ती म्हणाली, मग आता दे. त्याने दिली. लाल अक्षरं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आता मात्र खराब आहे, असं तो म्हणाला, अगदी हळू.

म्हणजे दोन आठवडे मी जिच्यापायी जिवाचं रान केलं ती फाइल मुळात आजारीच नव्हती! मग ती आजारी आहे असं सांगितलं कुणी? कॉम्प्युटरने. फसवणूक माझी झाली आहे. पण हे त्या वेळी सुचलं नाही.

मग तिला पेनड्राइव्ह आठवला. चेहरा एकदम उजळला. त्यावर मूळ कॉपी आहे ना, तिला तर कुणी हात लावला नाही! तिने हात पुढे केला. मी खिशातून काढून दिला. काय करणार? तोपर्यंत सरही येऊन मागे उभे होते. चष्म्याने पेनड्राइव्ह लावला, वरच्या पहिल्या फाइलवर क्लिक केलं आणि बाईच्या आवाजात आर्त आलाप सुरू झाला. आलाप फार लांब आहे त्या गाण्याचा. बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

शेवटी सरांनी विचारलं, हे काय आहे? म्हटलं, गाणी. सर म्हणाले, ते ऐकू येतंय.

मंगळवार, १८ मार्च

दोघं पुन्हा मुलाखती ऐकतायत. हेडफोन लावून नाही, स्पीकरवर. एकदा ऐकायचं, दोघांनी आपापला आकडा सांगायचा, जुळला नाही तर परत ऐकायचं. असं केलं की लवकर होतं म्हणे. म्हणे! दोन खुर्च्या एवढ्या जवळ कशाला लागतात, हे मला कुणी सांगावं.

सरांनी मला बोलावलं. वाटलं, काढतात. त्यांनी समोर हेडफोन ठेवला आणि म्हणाले, शेवटच्या गठ्ठ्यातल्या मुलाखती तू ऐक, आकडे दे, पोरीला तेवढीच मदत. मी स्पष्ट सांगितलं, सर, मी टेक्निकल माणूस आहे. म्हाताऱ्यांची रडगाणी ऐकणं हे माझं काम नाही. सरांनी हेडफोन परत ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर लावताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दबून गेले असावेत.

चष्म्याचा हेतू मला पहिल्यापासून माहीत होता. संधी साधली. आणि ती संधी त्याला दिली कुणी? मी. दोन आठवडे राबून.

गुरुवार, २० मार्च

समिती झाली. निम्म्याहून कमी मुलाखती झाल्या होत्या, त्याच मांडल्या. मला आत जायला मिळालं नाही, पाण्याच्या मशीनपाशी उभा होतो. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. चष्म्याने सांगितलं, समिती म्हणाली, अर्ध्यावर ठरवता येत नाही. महिन्याने सगळ्या मुलाखती घेऊन या. तेव्हा नाही जमलं तर बंद.

म्हणजे नकार नाही! महिना आहे! मी तिचं अभिनंदन करायला पुढे झालो. ती प्रसाधनगृहात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

ठरलं. उद्या सगळं बोलून टाकायचं. इतके दिवस मी कामामागे लपलो, तीच चूक झाली. तिला माझं मन कळलं की बाकीचं सगळं तिला वेगळं दिसेल.

शुक्रवार, २१ मार्च

इस्त्रीचा शर्ट. वेळेच्या आधी पोचलो. दोघं त्याच्याही आधी येऊन बसलेली. स्पीकर चालू. कुणीतरी आजोबा आपल्या रेडिओबद्दल सांगत होते.

मी म्हटलं, मॅडम, जरा बोलायचं होतं, एकटीशी. ती म्हणाली, इथेच बोल, वेळ नाही. चष्मा उठायला लागला तर तिने त्याला हातानेच बस म्हटलं. बरं. म्हटलं, ऐकू दे त्यालाही.

सगळं बोललो. तयारी करून गेलो होतो, पण क्रम राहिला नाही. म्हटलं, मी जे केलं ते तुमच्यासाठी. नवी कमांड, ती साफसफाई, सगळं. पेनड्राइव्ह पुसला तोसुद्धा तुमच्यासाठीच. दुसरं कुणी केलं असतं का एवढं?

ती ऐकून घेत होती. मला वाटलं, पोचतंय. मग तिने एकच विचारलं. काल आयटीवाला मला म्हणाला, पाच तारखेला त्याच्याकडे चांगली कॉपी होती आणि तू नको म्हणालास. खरं का?

म्हटलं, ती रविवारची होती, अर्धवट. त्यात तुमचं सोमवार सकाळचं काम नव्हतं.

ती म्हणाली, एका सकाळचं. मी ते जेवायच्या आत भरून काढलं असतं.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. अजूनही आहे. पण ती ओरडली असती तर मीही ओरडून दिलं असतं. ती ओरडलीच नाही. नुसतं म्हणाली, तुम्ही सोमवारपासून दुसऱ्या खोलीत बसा, मी सरांशी बोलले आहे.

तुम्ही. आजवर अरे-तुरे करायची. शेवटी शेवटी का होईना, तिच्या मनात माझ्याबद्दल आदर उत्पन्न झाला.

मी म्हटलं, दुसऱ्या खोलीत कशाला, मी नोकरीच सोडतो. (हे ठरवलेलं नव्हतं. बाबांना आईमार्फत कसं सांगायचं ते बघू.) आवाज चढला होता माझा. कुणीतरी अडवेल म्हणून जरा थांबलो. चष्मा आकडे लिहीत होता. तिने स्पीकर पुन्हा सुरू केला.

मी टेबलावरचा माझा कप उचलला. प्रिंटरवरचा माझा चार्जर काढला. गुंता झाला होता, तो सोडवत बसलो. दारापाशी गेलो. दार आपटायचं, हे तरी नक्की होतं. कडी हातात घेतली आणि मागून कुणीतरी म्हणालं, निघालात? बसा की जरा. मला कसलीच घाई नाही.

मी गर्रकन वळलो.

दोघंही माझ्याकडे बघत नव्हती. स्पीकर होता. कुणीतरी म्हातारी. मुलाखत घेऊन आमची ती निघायला उठली असेल, तेव्हाचं. रेकॉर्डिंगमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

चष्म्याने तेवढंच मागे घेतलं. म्हातारी पुन्हा म्हणाली, निघालात? बसा की जरा. दोघं मान खाली घालून ऐकत होती. चष्मा म्हणाला, सहा. ती म्हणाली, नाही, सात.

मी बाहेर आलो आणि दार हळूच लावून घेतलं. आत रेकॉर्डिंग चालू होतं.